आज कापड, उद्या कात्री

वहिनी,

तू या घरात आलीस तेव्हा घरात माणसं तीन होती आणि सदरे दोन. एक दादाचा. तो घालून दादा गिरणीत जायचा. दुसरा बाबांचा आणि माझा मिळून. बाबा कापूस बाजारात हमाली करायचे. त्यांना काम मिळालं की सदरा त्यांच्या अंगावर, आणि माझी शाळा बुडाली. काम मिळालं नाही की सदरा माझ्या अंगावर, मी शाळेत, आणि घरात चूल थंड. म्हणजे लहानपणी मी जे शिकलो ते बहुतेक उपाशीपोटी शिकलो. हे सांगायची मला लाज वाटत नाही. आज बी.ए. झालेला माणूस म्हणून सांगतो, आमच्या घराण्यात माझ्याआधी सही करणारंही कोणी नव्हतं.

तू तेव्हा पंधरा वर्षांची असशील, मी नऊचा. तू मला पहिल्या दिवसापासून "भाऊजी" आणि "तुमी" म्हणत आलीस, आणि मी तुला पहिल्या दिवसापासून "तू". आठ दिवस तू पाहिलंस आणि मग विचारलंस, "भाऊजी, एक दिवस शाळेत जाता, एक दिवस नाई जात. काहून?"

मी म्हटलं, "आज बाबाले काम लागलं."

"मग तुमच्या शाळेचं काय?"

"सदरा बाबानं नेला नं."

तू पदर तोंडाला लावलास. मला वाटलं, हिला हसू आलं असेल. त्या रविवारी गिरणी बंद होती. तू दादाला म्हणालीस, "अंगातला सदरा काढून द्या." दादाला वाटलं धुवायला मागते आहे. त्याने दिला. तू सुईच्या टोकाने त्याची एक-एक शिवण उसवलीस आणि सगळे तुकडे जमिनीवर पसरून ठेवलेस: बाह्या, पाठ, पुढचे दोन पट, गळपट्टी. आणि मग पेटीतून दादाचा लग्नातला गुलाबी फेटा काढलास.

दादा घोंगडी पांघरून भिंतीला टेकून बसला होता. तो ओरडला, "अवं, थो माह्या लग्नाचा फेटा हाय!"

"आता का दुसरं लगन करता?" तू म्हणालीस, आणि कात्री लावलीस.

त्याआधी तू फाटकं जोडण्यापलीकडे कधी काही शिवलं नव्हतंस, हे मला फार पुढे कळलं. सोमवारचा भोंगा व्हायच्या आत तुला दोन सदरे शिवायचे होते: एक उसवलेला पुन्हा जोडायचा, एक नवा. दादा भोंग्याच्या वेळी बाही ओढत ओढत पळाला, आणि त्याची उजवी बाही डावीकडे लागली होती हे त्याला गिरणीत कोणीतरी सांगितलं. माझा सदरा मात्र नीट होता. गुलाबी. शाळेत पोरं मला "नवरदेव" म्हणायची. मी रडत घरी आलो तर तू म्हणालीस, "गुलाबी दिसून राहिले नं? उघडे तर नाई दिसत? जा." त्या दिवसापासून माझी शाळा बुडाली नाही. मॅट्रिक झालो, कॉलेज झालं. लोक विचारतात, तुम्हाला कॉलेजात कोणी घातलं? मी प्रोफेसरांची नावं सांगत आलो. तुझं नाव मी फारसं कधी घेतलं नाही. आता घेतो आहे, तर ऐकायला तू नाहीस.

तो सदरा पाहून गल्लीतल्या बाया तुझ्याकडे येऊ लागल्या. "आमालेही दाखव वं." तू कोणाला नाही म्हटलं नाहीस. पण तुझी रीत तुझीच होती. पहिल्या दिवशी हातात सुई द्यायची, पण दोरा द्यायचा नाही. एक जुनं कापड पुढे टाकायचं आणि म्हणायचं, "हे उसव." येणारी बाई नाराज व्हायची. ती शिवायला आलेली, आणि तू उसवायला लावलंस! पण उसवताना तिला आपोआप कळायचं की कोणता तुकडा कुठे जातो, टीप कुठे बारीक आहे, कुठे दुहेरी. त्यानंतर पिशवी. दोन बाजू सरळ, तोंडाशी दुमड, झालं. त्यानंतर उशीची खोळ, कारण ती वाकडी झाली तरी उशी तक्रार करत नाही. मग झबलं. झबलं आलं की परकर येतोच, असं तू म्हणायचीस. माप घ्यायला तुझ्याजवळ ना टेप होती ना फूटपट्टी. एक लांब सुताचा दोरा आणि त्याला गाठी. एक गाठ छातीची, एक लांबीची, एक गळ्याची. प्रत्येक लेकराचा दोरा वेगळा, आणि तो खुंटीला त्याच्या नावाने टांगलेला. तुला लिहिता येत नव्हतं, पण कोणता दोरा कोणाचा हे तू कधी चुकली नाहीस.

आणि तुझा एक नियम होता. बाईने कापड आणलं की तू ते हातात घ्यायचीस, चाचपायचीस आणि म्हणायचीस, "ठेवून जा. उद्या ये." त्याच दिवशी कापायला तू कधी बसली नाहीस. किती घाई असो. "आज कापड, उद्या कात्री."

या नियमावरून आपला वाद झाला. तो वाद मी आज पुरा करायला बसलो आहे.

त्याचं कारण यमुना. तुझी एकुलती एक लेक. गल्लीतल्या वीसेक पोरीबाळी तुझ्या हाताखाली शिकून गेल्या आणि तुझ्याच पोरीने सुई धरली नाही. तिला मी चौथीपर्यंत शिकवलं, ती वर्तमानपत्र वाचायची, आणि तू शिवायला बोलावलंस की पुस्तक तोंडापुढे धरायची. तू मला म्हणायचीस, "भाऊजी, तुमी माही पोरगी बिघडवली." मी म्हणायचो, "बिघडवली नाही, घडवली." मग ती लग्न होऊन सावनेरला गेली. पहिलं बाळंतपण आपल्याकडे झालं, तू वसंताला सहा झबली शिवून दिलीस आणि पाच महिन्यांचा वसंता घेऊन ती परत गेली. पोर वाढलं, झबली अपुरी पडली. तिच्या सासरी कोणाला शिवता येत नाही आणि ऊठसूट माहेरी यायची तिथे रीत नाही. तिने मला पत्र लिहिलं, सोबत वसंताच्या नव्या मापाचा गाठींचा दोरा. तुला मी ते वाचून दाखवलं: "काका, आईला विचारा, आता मला शिकवशील का?"

तू लुगड्याच्या पदराने डोळे पुसलेस आणि लगेच चिडलीस. "आता? आता कशी शिकवू? ती थिकडं, मी इकडं. माहे हात का टपालानं धाडू?"

मी म्हटलं, "हात नको. मी लिहून धाडतो."

"काय लिहून धाडता?"

"तू करतेस ते सगळं. पहिल्यापासून. वर्तमानपत्राच्या कागदावर वसंताच्या मापाचं झबलं कापू, तोच कागद पाठवू. ती कापडावर ठेवून कापेल."

तू माझ्याकडे असं पाहिलंस की जणू मी पोळ्या टपालाने पाठवायचं म्हणत होतो. "भाऊजी, कागदावरून कविता शिकते माणूस. झबलं नाई शिकत."

"का नाही? मी कागदावरून बी.ए. झालो."

"थेच म्हणते मी."

तेव्हा मी रागावलो होतो. आता हसतो आहे. पण तू हट्टाला पेटलीस की शर्त लावायचीस, तशी लावलीस. "ठीक हाय. यमुनीनं तुमच्या कागदावरून झबलं शिवलं, तर मी मानीन. पण शिवलं म्हणजे निस्तं शिवलं नाई. तीनदा धुतलं अन् मंग लेकराच्या अंगात गेलं, तर शिवलं म्हणायचं."

मी लगेच हो म्हटलं. तीनदा धुतल्यावर टिकलं पाहिजे, म्हणजे शिवण पक्की पाहिजे, असा मी अर्थ घेतला. मी वहीत लिहिलंसुद्धा: "टीप दुहेरी घालावी." तू काय म्हणत होतीस ते मला कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

लिहायचं तर आधी स्वतःला यायला हवं. म्हणून शाळा सुटली की मी ओसरीवर तुझ्यापुढे बसू लागलो. पस्तिशी गाठलेला मास्तर, धोतराचा सोगा सावरत, सुईत दोरा ओवतो आहे. शेजारच्या काशाबाईला तर रोजचा तमाशाच झाला. कुंपणावरून वाकून म्हणायची, "काहून गा मास्तर, बीए करून सुई टोचून राहिला? शाळेतून काढलं काय?"

तू म्हणायचीस, "काशे, चूप बस वं. माहा पहिला इद्यार्थी हाय, ज्याले लिहिता येते."

"मंग शिवता कधी येईन?"

"थे देवाले माईत."

माझी पहिली पिशवी तू उलटसुलट करून पाहिलीस आणि म्हणालीस, "हिच्यात कांदे ठेवता येईन. बटाटे गळतीन." चार पिशव्या केल्या तेव्हा तू पाचवीच्या जागी खोळ करू दिलीस. अंगठ्याला इतक्या टोचण्या झाल्या की वर्गात खडू धरवेना. पण मी लिहीत गेलो. तू बोटं कशी ठेवतेस, दोरा किती लांब घेतेस (कोपरापर्यंत, त्याहून जास्त नाही, नाहीतर गुंता होतो), गाठ कशी लपवतेस. तू सांगायचीस एक आणि करायचीस दुसरं. मी तुला थांबवून विचारायचो, "आत्ता काय केलंस?" तू चकित व्हायचीस. "काय केलं मी?" तुझ्या हातांना जे येत होतं ते तुझ्या तोंडाला माहीतच नव्हतं. ते शोधून काढायचं काम मला आवडलं. खरं सांगतो, कॉलेजातल्या कुठल्याही विषयापेक्षा जास्त आवडलं.

आणि मग तो नियम आला. मी वही मिटत म्हटलं, "हे 'आज कापड, उद्या कात्री' मी लिहिणार नाही."

"काहून?"

"कारण याला शास्त्र नाही. लोक अमुक वारी नवं कापड फाडत नाहीत, तमुक वारी नेसत नाहीत, त्यातलंच हे. यमुना सुशिक्षित मुलगी आहे. तिला मी असलं काही शिकवणार नाही."

त्या वेळी ओसरीवर पाच-सहा बाया होत्या. तू म्हणालीस, "कापड एक दिवस घरात राह्यलं की घरचं होते, भाऊजी. बाजारातलं कापड बाजारातलंच असते."

मी म्हटलं, "का? कापडालाही सासर-माहेर आहे काय?"

सगळ्या हसल्या. मला ते हसणं आवडलं, हेही लिहून टाकतो. तू हसली नाहीस. तू सुईत दोरा ओवलास आणि म्हणालीस, "मास्तर म्हणते तर मास्तरचं खरं." बस्स. पुढे या विषयावर तू एक शब्द बोलली नाहीस. पण दुसऱ्या दिवशी एक बाई कापड घेऊन आली तेव्हा तू तिला नेहमीसारखंच सांगितलंस, "ठेवून जा. उद्या ये." मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

कागद गेले. चार पानं लिहिलेली आणि झबल्याचा वर्तमानपत्रात कापलेला आकार, घडी घालून. लढाईमुळे बाजारात कापड दिसेनासं झालेलं. यमुनाच्या नवऱ्याने कुठून तरी जाडंभरडं मांजरपाट कापड मिळवलं. पंधरा दिवस काही नाही. आणि मग तू तापाने पडलीस.

आता जे लिहितो ते मी अजून दादाखेरीज कोणाला सांगितलेलं नाही. तुझ्या तापाच्या चौथ्या दिवशी सावनेरचा एक ओळखीचा माणूस शाळेत आला आणि एक पुडकं देऊन गेला. आत यमुनाचं झबलं होतं आणि चिठ्ठी. तिने ते शिवलं होतं, वसंताला घातलं होतं, बरोबर बसलं होतं. मग धुतलं. धुतल्यावर पोराचा हात बाहीत जाईना, गेला तो निघेना, आणि वसंता असा रडला की सासू म्हणाली, "राहू दे तुझं शिवणं." यमुनाने लिहिलं होतं, "काका, मी तुमचं एक अक्षर इकडचं तिकडं केलं नाही. माझं काय चुकलं?"

पहिल्याच धुण्यात. तीन कुठली!

मी ते झबलं घरी आणलं आणि तुला दाखवलं नाही. माझ्या पुस्तकांच्या पेटीत खाली घातलं. संध्याकाळी तुझ्या कपाळावर पाण्याची पट्टी बदलत होतो तर तू डोळे न उघडता विचारलंस, "यमुनीचं काई आलं काय?"

मी म्हटलं, "नाही अजून."

"येईन. पोरगी माही हाय."

त्यानंतर तिसऱ्या दिवशी तू गेलीस. मी खोटं बोललो ते तुला वाईट वाटू नये म्हणून नाही, वहिनी. मी हरलो हे तुझ्यापुढे कबूल करायचं नव्हतं म्हणून. ते पुडकं तुझ्या हातात ठेवलं असतं तर तू एकदा चाचपून सांगितलं असतंस काय चुकलं ते. तुझ्या पोरीला तू शेवटचा धडा दिला असतास. तो मी अडवला. याबद्दल तू मला काय म्हणाली असतीस ते मी जाणतो. काहीही म्हणाली नसतीस. सुईत दोरा ओवला असतास.

तेरावा झाला. यमुना येऊन गेली; झबल्याचं ना तिने काढलं, ना मी. ओसरी रिकामी झाली. खुंटीवरचे गाठींचे दोरे तसेच. मग एके दिवशी सकाळी गल्लीतली नवी सून, सखू, दाराशी येऊन उभी राहिली. तिला तू गेल्याचं माहीत होतं, सगळ्यांनाच माहीत होतं. पण कापड आणायचं तिने आधी ठरवलेलं, कापड मिळालं, आणि पाय सवयीने इकडेच वळले असतील. दादा दारात होता. तिने कापड त्याच्या हातात दिलं, म्हणाली, "उद्या येते," आणि गेली. कोण शिकवणार, काय, काही विचारलं नाही.

मी आतून पाहत होतो. दादाने ते कापड चाचपलं, अगदी तुझ्यासारखं. मग विहिरीवरून आणलेल्या पाण्याची बादली ओढली आणि ते कोरं कापड पाण्यात दाबून बसवलं.

मी बाहेर आलो. "दादा, नवं कापड भिजवून काहून राहिला?"

"ती भिजवतच होती नं रोज."

"रोज?"

"मंग? मी भोंग्याच्या आधी बादली भरून द्यायचो, ती कापड भिजवायची, दुपारच्याले दोरीवर टाकायची. तू शाळेतून येईपर्यंत घडी होऊन जाय." दादाने माझ्याकडे पाहिलं. "तुले दिसलं नाई कधी?"

नाही दिसलं. परसात दोरीवर रोज कपडे असायचे. पुरुषाला दोरीवरचे कपडे दिसत नाहीत, वहिनी. धुतलेला सदरा खुंटीला मिळाला की त्याचं काम झालं. आणि मी घरी केलेली धड्याची तयारी जशी वर्गातल्या मुलांना दिसत नाही, तसं तुझ्या ओसरीवरच्या शिकवणीआधीचं काम मला दिसलंच नव्हतं.

"पण काहून भिजवायची?"

दादा हसला. तू गेल्यापासून पहिल्यांदा. "बीए झाला तू. गिरणीत आमी सुताले कांजी पाजतो गा, विणताना तुटू नाही म्हणून. तागेच्या तागे ताणून घडी करतो. थे कापड पहिल्या पाण्यात गेलं की कांजी सुटते अन् कापड आकसते. आधी आकसू द्यायचं, मंग कापायचं. हे तं तिले मीच सांगितलं होतं. फेट्याचा सदरा शिवून झाला, थ्याच्या मागूनच."

मी आत गेलो आणि पुस्तकांच्या पेटीच्या तळातून यमुनाचं झबलं काढलं. दादापुढे ठेवलं, आणि सगळं सांगितलं, तुझ्याशी खोटं बोललो तेही. दादाने झबलं वर्तमानपत्राच्या कागदावर पसरून पाहिलं. कागदाची एक प्रत आपण घरी ठेवली होती. चारही बाजूंनी दीड-दीड बोट कमी. तो बराच वेळ शिवणीवर अंगठा फिरवत राहिला. मग म्हणाला, "टीप बारीक हाय पोरीची. मायसारखी."

मी विचारलं, "वहिनीनं मले सांगितलं काहून नाही?"

"सांगाले आली होती नं. तू हासला."

मी झबल्याची घडी घातली. 

पण वहिनी, मी तुझ्याच हातचा सदरा घालून शिकलेला माणूस आहे. चुकलो तर उसवायचं आणि पुन्हा जोडायचं, एवढं मला तुझ्याकडून आलं आहे. त्याच दिवशी मी ती चार पानं पुन्हा लिहायला घेतली. आता पहिलं वाक्य हे आहे: "आज कापड भिजवा, वाळवा, उद्या कात्री लावा." त्याखाली कांजीचं कारण लिहिलं. कारण लिहिलंच पाहिजे, हे माझं मत आजही कायम आहे, आणि इथे मी तुझ्याशी पुन्हा भांडतो. तू कारण सांगितलं असतंस तर मी हसलो नसतो. मी विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस. अर्धी चूक तुझी नाही म्हणत. पाव म्हणतो.

यमुनाला नवे कागद गेले. तिचं उत्तर आलं. तिने लिहिलं, "काका, आई कापड भिजवायची ते मला आठवत होतं. पण तुमच्या कागदात नव्हतं. मला वाटलं, तुम्ही बी.ए. आहात, तुम्ही नको म्हटलं असेल तर नको असेल." म्हणजे पोरीला खरं माहीत होतं, आणि माझ्या शाईने ते पुसलं. लिहिणाऱ्याच्या अंगावर केवढी जबाबदारी असते हे मला कॉलेजात कोणी इतकं स्पष्ट सांगितलं नव्हतं.

पुढे तिने विचारलं होतं, आता दुसरं कोरं कापड मिळणार कुठून; आईचं जुनं लुगडं असेल तर पाठवा, त्याचं शिवते. शेजारपाजारच्यांना ते बरं वाटलं. काशाबाई म्हणाली, "मायचं लुगडं लेकराच्या अंगाले लागलं तं चांगलंच हाय नं." मी म्हटलं, नाही. लुगडं जुनं, शंभरदा धुतलेलं, ते आणखी काय आकसणार? त्याच्यावर शर्त जिंकली तर ती जिंकणं नव्हे. वहिनी असती तर तिने ते झबलं मान्य केलं नसतं. दादा म्हणाला, "बरोबर हाय. कोरंच पायजे." आणि तो रविवारी इतवारीच्या बाजारात दिवसभर रांगेत उभा राहून मांजरपाट घेऊन आला. मी तो तसाच कोरा, न भिजवता, सावनेरला धाडला. भिजवणं यमुनानेच करायचं. कागद वाचून.

दरम्यान सखू रोज येते आहे. दुसरीही एक यायला लागली. ओसरीवर आता मी बसतो, शाळा सुटल्यावर, चष्मा नाकावर. काशाबाई म्हणते, "मास्तर, तुमी आता मास्तरीण झाले." मी म्हणतो, "झालो. तू ये, तुलेही शिकवतो." परवा ती खरंच आली, एक फाटकी चोळी घेऊन. मी तिच्यापुढे सुई ठेवली आणि म्हटलं, "उसव." ती म्हणाली, "दोरा?" मी म्हटलं, "दोरा नाही." तिने माझ्याकडे पाहिलं. मग ती उसवू लागली.

सखूचं झबलं वाकडं झालं आहे. खोळीचा धडा तिने टाळला होता. आता मी कोणाला टाळू देत नाही.

काल यमुनाचं पत्र आलं. तीन ओळींचं. ते मी आधी दादाला वाचून दाखवलं, मग खुंटीवरून वसंताचा गाठींचा दोरा काढून वहीत ठेवला, आणि हे लिहायला बसलो.

तुझ्या पोरीने कागदावरून झबलं शिवलं. तिने ते तीनदा धुतलं. ते वसंताच्या अंगात जातं.